चाचणी पास झाली, पावसाचे काय?

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून शेवटच्या सत्रासाठी जो प्रकल्प केला, त्याची हकीकत प्रथम सांगायला हवी; कारण या लेखात जे मत मांडायचे आहे ते त्या फजितीतूनच निघाले आहे. प्रकल्पाचे नाव भारदस्त होते : ‘बेळगाव जिल्ह्यासाठी तीन दिवसांचा संगणकीय पर्जन्य-अंदाज’. काम मात्र बेताचे होते. अमेरिकेत तयार झालेले डब्ल्यूआरएफ नावाचे हवामान-प्रारूप कोणालाही फुकट मिळते. त्याला लागणारी प्राथमिक माहितीही अमेरिकन जीएफएस प्रारूपाकडून रोज मोफत उतरवून घेता येते. ती उतरवायची, तिच्यातून आपल्या भागाचा तुकडा कापायचा, प्रयोगशाळेतल्या संगणकावर रात्रभर गणित चालवायचे आणि सकाळी पावसाचे रंगीत नकाशे काढायचे, असा बेत. रात्री जागत कोण बसणार? म्हणून आम्ही सगळी कामे एका साखळीत ओवली. एक काम संपले की दुसरे आपोआप सुरू व्हायचे, आणि प्रत्येक काम संपताना एका फाईलमध्ये ‘पूर्ण’ असा शब्द उमटायचा. सकाळी फाईल उघडावी, सहा ओळींत सहा वेळा ‘पूर्ण’ दिसले की चहाला जावे, असा आमचा नित्यक्रम झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशे पाहिले, ती फाईल पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि चांगले गुण दिले.

चूक सापडली ती नंतर, आणि तीही वसतिगृहाच्या खोलीत. कन्नड विभागातला आमचा एक मित्र अथणी तालुक्यातला. भिंतीवर लावलेले नकाशे तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “तिसऱ्या दिवशी आमच्याकडं एवढा पाऊस? आणि दर वेळेला तिसऱ्याच दिवशी? एवढा पाऊस पडत असता तर आमचे वडील बोअर मारत कशाला बसले असते रे?” आम्ही हसलो, मग नकाशे पुन्हा पाहिले, आणि हसणे थांबले.

प्रारूप पावसाचा जो आकडा देते तो गणित सुरू झाल्यापासून साचत आलेला एकूण आकडा असतो. घरातल्या विजेच्या मीटरसारखाच. या महिन्यात किती युनिटे जळाली हे काढायचे तर आजच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा आकडा वजा करावा लागतो. आम्ही वजाबाकी केलीच नव्हती. मीटरचा आकडाच बिल म्हणून छापला होता. त्यामुळे आमच्या नकाशांत पहिल्या दिवसापेक्षा दुसरा आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा दिवस कधी कोरडा निघणेच शक्य नव्हते. महिना जूनचा, मृग लागलेला. पाऊस दिवसेंदिवस वाढतो आहे असे नकाशात दिसले तर ते मनाला पटणारेच होते. खानापूरच्या बाजूला तर कधी कधी खरेही ठरत होते. आम्हा चौघांना, मार्गदर्शकांना, परीक्षकांना, कोणालाच संशय आला नाही. आणि त्या सहा ओळी? त्या खोट्या नव्हत्या. सहाही कामे खरोखरच पूर्ण झाली होती.

तेव्हापासून मोठ्या संस्था हे काम कसे सांभाळतात याचे कुतूहल लागले. अमेरिकेतल्या नोआ या शासकीय संस्थेने विद्यापीठांना व संशोधनसंस्थांना बरोबर घेऊन ‘युनिफाइड फोरकास्ट सिस्टीम’ नावाची प्रणाली उभारली. तिच्यातल्या मर्यादित प्रदेशाच्या, थोड्या दिवसांच्या अंदाजासाठी असलेल्या भागाची पहिली आवृत्ती २०२१ च्या मार्चमध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्या भागाची मार्गदर्शिका आम्ही वाचून काढली. साखळी आमच्यासारखीच, फक्त लांब. आधी प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकायची, डोंगरांची उंची आणि जमिनीचे गुण त्या जाळीत बसवायचे, दुसऱ्या मोठ्या प्रारूपाकडून आरंभीची स्थिती व कडेने येणारी हवा मागवायची, ती आपल्या जाळीत उतरवायची, मग प्रत्यक्ष अंदाजाचे गणित, आणि शेवटी त्या आकड्यांतून वाचता येण्याजोगे निकाल. कोणते काम कोणावर अवलंबून आहे, कोणते अडले, कोणते मेले, याची नोंद रोकोटो नावाचा एक वेगळा प्रोग्राम ठेवतो. ‘मेले’ हा शब्द माझा नव्हे. पुन्हापुन्हा प्रयत्न करूनही जे काम अडले त्याला तो प्रोग्राम खरोखरच मृत म्हणतो.

या साखळीची चाचणी कशी घ्यायची? प्रत्येक चाचणीसाठी एक छोटी मजकुराची फाईल लिहायची. तिच्यात जाळी कोणती, ढग-पाऊस-किरणोत्सर्ग यांची सूत्रे कोणत्या संचातली, आरंभीची स्थिती कोणत्या प्रारूपाची, तारीख कोणती, किती तासांचा अंदाज, एवढे सांगायचे. जे सांगितले नाही ते मूळच्या एका मोठ्या फाईलमधून गृहीत धरले जाते. अशा अनेक फाईलींचे गट केलेले असतात. एक मूलभूत गट, एक सर्वंकष गट, आणि निरनिराळ्या महासंगणकांसाठी वाटून दिलेले गट. एक आज्ञा दिली की गटातल्या सगळ्या साखळ्या सुटतात आणि शेवटी कोणती तडीस गेली, कोणती मेली, आणि किती गणनकाल खर्च झाला याचा तक्ता मिळतो. कोणी प्रोग्रामात एक ओळ बदलली की हे सारे पुन्हा चालवून पाहायचे. माणसाच्या आळसावर यासारखा दुसरा उपाय नाही.

पण मला सर्वांत आवडली ती मार्गदर्शिकेतली एक कबुली. या चाचण्या काय करत नाहीत हे तिथे स्वच्छ लिहिले आहे. साखळीतली कामे यशस्वीपणे संपली का, एवढेच त्या पाहतात. निकाल पूर्वीच्या निकालाशी जुळतो का, हे त्या पाहत नाहीत. आलेले आकडे शास्त्राच्या दृष्टीने पटण्याजोगे आहेत का, हेही पाहत नाहीत. त्यासाठी दुसरी व्यवस्था आहे. म्हणजे आमच्या सहा ओळी जे सांगत होत्या तेच या मोठ्या चाचण्याही सांगतात. फरक एवढाच की ते लोक तसे आधीच लिहून ठेवतात, आणि आम्ही ‘पूर्ण’ हा शब्द ‘बरोबर’ असा वाचला.

संगणक नव्हते तेव्हाही अशी फजिती झालेली आहे, आणि ती आमच्याहून फार मोठ्या माणसाची. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, फ्रान्समध्ये जखमींची ने-आण करणाऱ्या पथकात काम करता करता, हाताने गणित करून हवामानाचा अंदाज काढून पाहिला. दिवस निवडला तो होऊन गेलेला, २० मे १९१० चा, म्हणजे उत्तर पडताळता येईल असा. गणिताची प्रत्येक पायरी तक्त्यात मांडलेली, एकही गाळलेली नाही. उत्तर आले : सहा तासांत वायुभारात १४५ मिलिबारची वाढ. प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभार जवळजवळ स्थिर होता. १४५ मिलिबार म्हणजे काय हे कळायला असे समजावे की, भीषण चक्रीवादळाच्या केंद्रातही वायुभार सहसा एवढा उतरत नाही. पुढे आयर्लंडचे पीटर लिंच यांनी तेच गणित पुन्हा करून दाखवले की, रिचर्डसनची रीत चुकलेली नव्हती. आरंभीच्या नोंदींतला वारा आणि वायुभार यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. तो मेळ घालून घेतला की उत्तर ताळ्यावर येते. माझ्या मते या माणसाचा खरा मोठेपणा असा की, १९२२ साली पुस्तक छापताना त्याने ते चुकलेले उत्तर झाकले नाही. आमच्यासारखा असता तर त्याने रंगीत नकाशा काढला असता!

कोणी म्हणेल, मग निकाल जुन्या निकालाशी ताडून पाहा की. तेही करतात. याच अमेरिकन प्रणालीच्या गाभ्यातल्या प्रारूपासाठी चाचण्यांचा एक वेगळा संच आहे. त्यात नव्या प्रोग्रामाचा निकाल साठवून ठेवलेल्या जुन्या निकालाशी अगदी शेवटच्या अंकापर्यंत ताडतात. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे प्रथम वाटते. त्याचे उत्तर एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६१ च्या अनुभवात आहे. त्यांनी जुने गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ च्या जागी कागदावर छापलेला ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही काळाने दोन्ही हवामाने एकमेकांना ओळखेनाशी झाली. हवेच्या गणितात सहाव्या स्थानावरचा फरक उद्या पहिल्या स्थानावर येतो. म्हणून ‘जवळजवळ सारखे’ ही सवलत देणे अवघड. गंमत अशी की, तेच गणित चार गणकांऐवजी आठ गणकांत वाटले तरी शेवटचा अंक हलू शकतो. कारण यंत्र दशांश आकड्यांची बेरीज करताना प्रत्येक पायरीला थोडे छाटते, आणि बेरजेचा क्रम बदलला की छाटणी बदलते. त्यामुळे गणकांची वाटणी बदलून, गणित मध्येच थांबवून पुन्हा सुरू करून, उत्तर तेच येते का, यासाठीही खास चाचण्या ठेवलेल्या आहेत.

मात्र हेही लक्षात ठेवावे की, जुन्याशी जुळणे म्हणजे काल होते तसेच आज आहे, इतकेच. आम्ही पहिल्या दिवशीचे चुकीचे नकाशे आधाराला धरून रोज तुलना केली असती, तर ती चाचणीही वर्षभर उत्तम पास झाली असती; आणि ज्या दिवशी कोणी वजाबाकीची ओळ घातली असती, त्या दिवशी नापास! चूक सुधारणाऱ्यालाच दोषी ठरवणारी चाचणी आपण आपल्या हाताने उभी केली असती. म्हणून अंदाज खरा ठरतो का, हे शेवटी आकाशाखाली ठेवलेल्या पर्जन्यमापकालाच विचारावे लागते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. आपल्याकडे चाचणीची फाईल लिहिणे हे कारकुनी काम समजले जाते. हुशार मुलगा प्रारूप लिहितो, दुसरा नकाशे काढतो, आणि जो मागे उरतो त्याला ‘तू टेस्टिंग बघ’ म्हणून सांगतात. माझे म्हणणे उलट आहे. प्रकल्पात सर्वांत जास्त विचार जर कुठे लागत असेल तर तो ही फाईल लिहिताना. हिशोब करून पाहा. दहा जाळ्या, सूत्रांचे सहा संच, आरंभीच्या स्थितीचे चार स्रोत आणि कडेच्या हवेचे चार, एवढेच धरले तरी ९६० जोड्या होतात. त्या सगळ्या चालवणे कोणालाही परवडत नाही. जाळीचा चौकोन निम्मा केला की चौकोन चौपट होतात, आणि गणिताची पावलेही निम्म्या वेळेची टाकावी लागतात. म्हणजे खर्च आठपट. २५ किलोमीटरच्या जाळीवरून ३ किलोमीटरवर यायचे तर त्याच प्रदेशाला सुमारे पावणेसहाशे पट गणित. म्हणून अमेरिकन मंडळींच्याही कितीतरी चाचण्या २५ किलोमीटरच्या स्वस्त जाळीवरच आहेत, आणि साखळी तडीस जाते का एवढे पाहण्यापुरते ते योग्यही आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र २५ किलोमीटर म्हणजे बेळगाव ते खानापूर एवढे जेमतेम अंतर. जिथे मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीचा धो धो पाऊस आणि बेळगाव शहराची भुरभुर यांच्यामध्ये त्या जाळीला फार तर दोनच चौकोन दिसणार. या जाळीवरची चाचणी पास झाली म्हणून घाटातला पाऊस पास झाला असे कोणी म्हणू नये.

तारखेचेही तसेच. अमेरिकन चाचण्यांपैकी अनेकींत दिवस आहे १५ जून २०१९ चा किंवा १ जुलै २०१९ चा. त्या दिवसांची माहिती जवळ साठवलेली आहे, हे त्याचे साधे कारण. साखळी चालते का हे पाहायला कोणताही दिवस चालतो. पण निकाल समंजस आहे का हे पाहायचे तर दिवस निवडावे लागतात, आणि ते निवडायला गावाची आठवण लागते. आपल्यासाठी पहिला दिवस २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला असावा, ज्या दिवसांत बेळगाव जिल्हा, कोल्हापूर, सांगली पाण्याखाली गेली. दुसरा, एप्रिल-मे मधल्या वळवाचा. सकाळी ऊन आणि चारला गारा, असा. तिसरा, जानेवारीतला अथणीचा ठणठणीत कोरडा दिवस, ज्या दिवशी प्रारूपाने एक थेंबही दाखवता कामा नये. हा तिसरा दिवस कोणी निवडत नाही. त्यात पाहण्यासारखे काही नसते ना! आमची चूक मात्र अशाच एखाद्या दिवसाने पकडली असती : एक कोरडा दिवस पावसाळी दिवसाच्या मागे ठेवला असता की पुरे होते.

आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. चाचणीच्या फाईलमध्ये जे लिहिले नाही ते गृहीत धरले जाते, असे वर म्हटले. उद्या मूळ फाईलमधले गृहीतच कोणी बदलले, तर आपली चाचणी एक अक्षरही न बदलता वेगळ्याच गोष्टीची चाचणी होऊन बसते, आणि तरीही पास होत राहते. म्हणून ज्या गोष्टीसाठी चाचणी लिहिली आहे, ती गोष्ट फाईलमध्ये उघड लिहावी, मग ती गृहीताइतकीच का असेना. आणि वर दोन ओळींत ही चाचणी कशासाठी आहे तेही लिहावे. एवढी दोन ओळींची टीप आमच्या एकाही फाईलला नव्हती. सहा महिन्यांनी आमची आम्हालाच ती कळेना.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना सांगतो की, आपल्या हवामान विभागाचे १२ किलोमीटर जाळीचे जागतिक प्रारूप अमेरिकन जीएफएसवरूनच आले होते, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली ६ किलोमीटर जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. बारावरून सहावर म्हणजे वरच्या हिशोबाने आठपट गणित. जाळी जितकी बारीक, तितके शेतकरी ‘माझ्या गावाचा अंदाज’ म्हणून तिच्याकडे पाहणार. अशा साखळ्या राखायला, त्यांच्या चाचण्या लिहायला माणसे लागणार, आणि ती आपल्यासारख्या महाविद्यालयांतूनच जाणार. ती माणसे ‘पूर्ण’ आणि ‘बरोबर’ यांतला फरक न शिकता गेली, तर चूक वसतिगृहाच्या भिंतीवर राहणार नाही. पेरणीच्या दिवसावर जाऊन पडेल.

म्हणून प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. प्रकल्पाच्या शंभर गुणांतले निदान पंचवीस चाचण्यांना ठेवा. एका गटाच्या चाचण्या दुसऱ्या गटाने लिहाव्यात. स्वतःच्या लेकराची परीक्षा कोणी कडक घेत नाही. आणि परीक्षकांनी नकाशे पाहण्यापूर्वी एक खोडी काढावी : प्रोग्रामातले एखादे वजा चिन्ह पुसावे, एखादी तारीख बदलावी, आणि चाचण्या पुन्हा चालवायला सांगाव्यात. तरीही सगळ्या पास झाल्या तर त्या चाचण्यांना शून्य. आम्हाला हे शून्य मिळाले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

यावर ‘वेळ कुठे आहे’ हे उत्तर मिळेल, ते मला ठाऊक आहे. ‘हवामान हा आमचा विषय नव्हे, आम्ही संगणकशास्त्र शिकवतो’ असेही एका सरांनी ऐकवले. पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. अभ्यासक्रम खरोखरच लांब आहे. दुसऱ्याला आहे. पाऊस ऋण असू शकत नाही, तीन दिवसांचे तीन आकडे मिळून एकूण आकडा यायला हवा, कणकुंबीला अथणीपेक्षा वर्षभरात कमी पाऊस पडणे शक्य नाही, एवढे लिहायला हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. भूगोल विभाग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेले आहेत. आणि या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी निम्मी मुले मुंगारू केव्हा आला आणि हिंगारू कुठे हुकला हे तोंडपाठ सांगतात. आपण एका अंकात दोन लिपींत छापले जातो, पण एकमेकांचे नकाशे तपासत नाही.

आम्ही चौघांनी या जूनपासून साखळी पुन्हा सुरू केली आहे. वजाबाकी केली, जुने नकाशे काढून टाकले, आणि सहा ओळींच्या खाली सातवी ओळ घातली. ती ‘पूर्ण’ म्हणत नाही. एक ओला आणि त्याच्या मागे एक कोरडा असे दोन जुने दिवस घेते, आणि दुसऱ्या दिवशी अथणीला शून्याच्या वर आकडा दिसला की साखळी थांबवते. मुद्दाम वजाबाकी काढून टाकून पाहिली, तेव्हा ती लगेच थांबली. फाईलचे नाव आम्ही ‘अथणी’ ठेवले आहे, आणि तिच्यावरच्या दोन ओळींची टीप त्या मित्राने कन्नडमध्ये लिहिली आहे.